परिसर-समृद्धी, बंदिवासातील नरवानरांची

बंदिवासात ठेवलेल्या प्राण्याला आपल्या जातीचे स्वाभाविक वर्तन करता यावे, या हेतूने त्याच्या निवासस्थानात, आहारात, सोबतीत व दिनक्रमात केलेले बदल म्हणजे परिसर-समृद्धी होय. प्राणिसंग्रहालये, जैववैद्यकीय प्रयोगशाळा, प्रजनन केंद्रे आणि सोडवून आणलेल्या प्राण्यांची आश्रयस्थाने येथे तिचा अवलंब केला जातो. हत्ती, अस्वल, पोपट अशा अनेक प्राण्यांना ती लागू असली, तरी तिचा विचार प्रथम नरवानर गणाच्या संदर्भात झाला व आजही सर्वाधिक अभ्यास याच गणाचा झालेला आहे. मानवाखेरीज या गणात लेमूर, लोरिस, टार्सियर, माकडे, वानरे आणि गिबन, ओरँगउटान, गोरिला, चिंपँझी इ. कपी यांचा समावेश होतो. पिंजऱ्याच्या सजावटीहून ही कल्पना निराळी आहे. मागील भिंतीवर रंगविलेले अरण्य किंवा सिमेंटचा गुळगुळीत वृक्ष पाहणाऱ्याला सुखावतो. माकडाला त्याचा काही उपयोग होत नसेल, तर त्याला समृद्धी म्हणता येत नाही. नव्या योजनेनंतर प्राणी काय करू लागला व काय करावयाचे थांबला, ही तिची खरी कसोटी होय.

बंदिवासाची उणीव नेमकी कशात आहे, हे रानातील दिवसाशी तुलना केल्यावर स्पष्ट होते. महाराष्ट्रात व दक्षिण भारतात आढळणारे माकड (शास्त्रीय नाव मॅकाका रेडिएटा) सकाळपासून फळे, कोवळी पाने, बिया, कीटक यांच्या शोधात हिंडते. दगड उलथणे, साल सोलणे, पाचोळा चाळणे, शेंगा फोडणे, मिळालेले गालातील पिशव्यांत कोंबून दुसऱ्यापासून दूर जाणे यांत त्याच्या जागेपणीचा फार मोठा भाग जातो. उरलेला वेळ विश्रांती, खेळ व एकमेकांच्या केसांतून बोटे फिरवून त्वचा साफ करणे यांत जातो. कोणी कोणाला जवळ येऊ द्यावे, कोणापासून अंतर राखावे याचे भान त्याला सतत ठेवावे लागते. पिंजऱ्यात हेच अन्न चिरून, ताटलीत घालून, दिवसातून एकदोनदा समोर येते आणि काही मिनिटांत संपते. पोट भरते, परंतु बोटे, डोळे व मेंदू ज्या कामासाठी लक्षावधी वर्षांच्या उत्क्रांतीत घडले, ते काम उरत नाही. सोबत नसेल, तर दिवसाचे दुसरे कामही नाहीसे होते.

या रितेपणाचे परिणाम वर्तनात दिसून येतात. ठरावीक वाटेने अखंड येरझाऱ्या घालणे, बसल्या जागी डोलणे, मान गरगर फिरविणे, गजांना चाटत राहणे अशा निरर्थक व पुन:पुन्हा होणाऱ्या हालचालींना साचेबंद वर्तन म्हणतात. काही प्राणी स्वत:चे केस उपटून खातात, विष्ठा खातात वा भिंतीला फासतात. गोरिला व चिंपँझी यांच्यात खाल्लेले अन्न ओकून पुन्हा खाण्याची सवय पुष्कळदा जडते. एकाकी ठेवलेली ऱ्हीसस माकडे स्वत:च्या दंडाला वा मांडीला कडकडून चावतात व क्वचित गंभीर जखमा करून घेतात. काही प्राणी उलट निश्चल होतात आणि कोपऱ्यात पाठ करून बसून राहतात. अशा प्राण्याला ‘शांत’ समजण्याची चूक अनेक संग्रहालयांत वर्षानुवर्षे होत आली. वास्तविक येरझाऱ्या घालणाऱ्या प्राण्याइतकीच, कदाचित त्याहूनही अधिक, काळजी त्याच्याविषयी वाटावयास हवी.

पूर्वेतिहास : विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गुळगुळीत फरशा, पोलादी गज व काच यांच्या पिंजऱ्यांचा प्रसार झाला, त्याला सबळ कारण होते. क्षय, आमांश व परोपजीवी कृमी यांमुळे कपी मोठ्या संख्येने मरत असत आणि पाण्याने धुता येणारा पिंजरा हा त्यावरील उपाय मानला गेला. प्राणी अधिक काळ जगू लागले, हे त्या पिंजऱ्याचे श्रेय नाकारता येत नाही. तथापि जगणे लांबले तसे त्या जगण्यात काय आहे, हा प्रश्न पुढे आला. तत्पूर्वी १९०७ मध्ये कार्ल हागेनबेक यांनी हँबुर्गजवळ श्टेलिंगेन येथे गजांऐवजी खंदकांनी वेढलेली आवारे बांधून दाखविली होती. परंतु त्यांचा मुख्य हेतू दृश्य सुंदर करण्याचा होता.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट यर्किस यांनी १९२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ऑलमोस्ट ह्यूमन या ग्रंथात बंदिवासातील नरवानरांना खेळ व काम यांसाठी साधने हवीत, असे स्पष्टपणे सुचविले. पुढे १९३० मध्ये फ्लॉरिडातील ऑरेंज पार्क येथे त्यांनी कपींचे संशोधन केंद्र उभारले. स्विस प्राणिशास्त्रज्ञ हाइनी हेडिगर (१९०८–९२) यांनी बर्न, बाझेल व झुरिक येथील प्राणिसंग्रहालयांचे संचालक म्हणून काम करताना या विषयाला शास्त्रीय पाया दिला. १९४२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी मांडलेला मुद्दा असा की, रानातला प्राणीही स्वैर भटकत नाही. त्याचे क्षेत्र ठरलेले असते व त्यात खाण्याची, झोपण्याची, लपण्याची, पाणी पिण्याची ठिकाणे ठरलेली असतात. म्हणून आवाराच्या केवळ क्षेत्रफळापेक्षा त्यात ही ठिकाणे आहेत की नाहीत, याला अधिक महत्त्व आहे. रिकामे मोठे आवार हा मोठा पिंजराच ठरतो.

कुतूहल ही नरवानरांची स्वतंत्र गरज आहे, याचा पुरावा विस्कॉन्सिन विद्यापीठातील हॅरी हार्लो यांच्या प्रयोगांतून मिळाला. त्यांनी १९५० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ऱ्हीसस माकडांना कडी, आकडा व खिट्टी असलेली यांत्रिक कोडी दिली. कोडे सुटल्यावर अन्न मिळत नव्हते. तरीही माकडे ती दिवसामागून दिवस सोडवीत राहिली. याच सुमारास उंदरांवरील प्रयोगांनीही या विचाराला बळ मिळाले. कॅनडातील डॉनल्ड हेब यांनी घरात मोकळे वाढविलेले उंदीर पिंजऱ्यातील उंदरांपेक्षा समस्या सोडविण्यात सरस ठरतात, असे १९४७ मध्ये नोंदविले. १९६० नंतरच्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांना सोबती व बदलती साधने असलेल्या पिंजऱ्यांतील उंदरांच्या प्रमस्तिष्क बाह्यकाची जाडी व वजन अधिक आढळले. मार्मोसेट या छोट्या दक्षिण अमेरिकी माकडावरील २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, प्रौढ वयातही केवळ एक महिना समृद्ध पिंजऱ्यात राहिल्याने मेंदूतील तंत्रिका कोशिकांच्या शाखांवर फरक पडतो, असे दिसून आले.

‘समृद्धी’ ही संज्ञा प्राणिसंग्रहालयांत रूढ होण्यास हॅल मार्कोविट्झ यांचे कार्य कारणीभूत झाले. अमेरिकेतील पोर्टलंड येथील प्राणिसंग्रहालयात १९७० नंतर त्यांनी गिबनांसाठी एक यंत्रणा बसविली. दिवा लागला की गिबनाने एक दांडा ओढावयाचा, मग झोके घेत आवाराच्या दुसऱ्या टोकास जाऊन दुसरा दांडा ओढावयाचा, की अन्नाचा तुकडा मिळे. जमिनीजवळ बसून राहणारे गिबन पुन्हा हातांनी झोके घेत फिरू लागले. यावर आक्षेपही आले. झाडावरचा प्राणी दिवे व दांडे यांच्या तालावर नाचविणे ही समृद्धी नसून नवी कवायत आहे. त्यापेक्षा आवारच नैसर्गिक करावे, असे दुसऱ्या पक्षाचे म्हणणे होते. सिॲटल येथील वुडलँड पार्क प्राणिसंग्रहालयाने १९७९ मध्ये गोरिलांसाठी दाट झाडीचे आवार खुले केले, ते या दुसऱ्या विचाराचे फलित होय. हा वाद बराच काळ चालला. झाडी सुंदर असूनही अन्न एकाच जागी मिळत असेल तर प्राणी तेथेच बसून राहतो आणि ओबडधोबड दिसणारे साधन त्याला तासभर गुंतवू शकते, हे अनुभवास आल्यावर वादाची धार बोथट झाली. आता दोन्ही मार्ग एकत्र वापरले जातात.

अन्न व अन्नशोध : समृद्धीच्या सर्व उपायांत अन्नाशी संबंधित उपाय सर्वांत परिणामकारक व बहुधा सर्वांत स्वस्त आहेत. तत्त्व साधे आहे : अन्न तेवढेच ठेवावे, पण ते मिळविण्यास लागणारा वेळ व खटपट वाढवावी. फळे न चिरता अखंड देणे, दाणे विखरून टाकणे, पिंजऱ्याच्या छतावर अन्न ठेवून जाळीतून बोटांनी ओढावयास लावणे, दिवसातून दोन वेळांऐवजी अनियमित अंतराने अनेक वेळा देणे, हे उपाय कोणत्याही संग्रहालयाला परवडतात.

जमिनीवर लाकडाच्या ढलप्यांचा जाड थर पसरून त्यात धान्य मिसळण्याची पद्धत विशेष यशस्वी ठरली. आठ जातींच्या नरवानरांवर केलेल्या व १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा थरामुळे प्राणी जमिनीवर अधिक वेळ घालवू लागले व त्यांच्यातील भांडणे कमी झाली, असे आढळले. घाण साचून रोग पसरतील, ही भीती मात्र होती. तपासणीत उलट असे दिसले की, वापरलेला थर जसजसा जुना होतो, तसतसा तो जंतूंच्या वाढीस अधिकच प्रतिकूल होतो. रोज फरशी धुण्याच्या पद्धतीला मिळालेला हा अनपेक्षित शह होता. इंग्लंडमधील हौलेट्स येथे गोरिलांच्या आवारात पेंढ्याचा जाड थर अनेक वर्षांपासून वापरात आहे.

अन्न सहज उपलब्ध असताना प्राणी खटपट का करील, अशी शंका येते. परंतु ग्लेन जेन्सन यांनी १९६३ मध्ये उंदरांबाबत दाखविले की, ताटलीत अन्न असतानाही ते कळ दाबून अन्न मिळविणे पसंत करतात. पुढे हीच प्रवृत्ती अनेक प्राण्यांत व ऱ्हीसस माकडांतही दिसून आली. अन्नशोध हे पोट भरण्याचे साधन आहेच. तो स्वतंत्रपणे हवासा वाटणारा उद्योगही आहे.

हे उपाय जातीच्या नैसर्गिक सवयींशी जितके जुळतात, तितके ते टिकतात. टांझानियातील गोंबे येथे जेन गुडाल यांनी १९६० मध्ये चिंपँझी गवताची काडी वाळवीच्या वारुळात घालून वाळवी बाहेर काढतात, हे पाहिले. त्याचे अनुकरण करून अनेक संग्रहालयांनी सिमेंटची कृत्रिम वारुळे बांधली. त्यांच्या छिद्रांत मध, फळांचा गर किंवा तत्सम चिकट पदार्थ भरतात आणि चिंपँझी स्वत: फांद्या तोडून, पाने काढून, काड्या तयार करतात. येथे काडी आवारात पडलेली मिळण्यापेक्षा ती तयार करावी लागणे अधिक मोलाचे असते. मार्मोसेट खालच्या पटाशीच्या दातांनी झाडाच्या सालीला खाचा पाडून स्रवणारा डिंक खातात. त्यांना भोके पाडलेल्या लाकडी ओंडक्यांत बाभळीच्या वर्गातील झाडांचा डिंक भरून दिल्यास ही सवय कायम राहते. आग्नेय आशियातील मंदगती लोरिसही असाच डिंक खाणारा आहे. सोडवून आणलेल्या लोरिसांना मऊ, गोड फळांवर पोसल्यामुळे लठ्ठपणा व दातांचे विकार होतात. म्हणजे येथे डिंक हा समृद्धीचा उपाय आणि आहारोपचार दोन्हीही ठरतो.

आहारातील चुका व वर्तनातील बिघाड यांचा संबंध आणखीही ठिकाणी दिसतो. बाजारातील फळे माणसाच्या जिभेसाठी निवडून वाढविलेली असतात. रानफळांच्या मानाने त्यांत साखर जास्त व चोथा कमी असतो. इंग्लंडमधील पेइंटन प्राणिसंग्रहालयाने याच कारणास्तव २०१४ मध्ये माकडांना केळी देणे बंद केल्याचे जाहीर केले. हनुमान वानराच्या जठरात अनेक कप्पे असून त्यांतील सूक्ष्मजीव पानांचे किण्वन करतात. अशा प्राण्याला केळी, शेंगदाणे व भक्तांनी वा प्रेक्षकांनी दिलेली मिठाई अपायकारक असते, हे आपल्याकडे अजून पुरेसे ध्यानात घेतले जात नाही. ताजा पाला, साल व डहाळ्या दिल्याने पोषणाबरोबर वेळही सत्कारणी लागतो. गोरिलांमधील ओकून पुन्हा खाण्याची सवय अशा चोथायुक्त आहाराने कमी होते. काही संग्रहालयांत आहारातील दूध बंद केल्यावरही ती घटली.

सोबत : लेमूरपासून चिंपँझीपर्यंत बहुतेक नरवानर समूहात राहणारे आहेत आणि त्यांच्यासाठी दुसऱ्या प्राण्याइतके सतत बदलणारे, प्रतिसाद देणारे ‘साधन’ दुसरे नाही. एकट्या माकडाला दिलेले खेळणे हा सोबतीला पर्याय होऊ शकत नाही, याबद्दल आता मतभेद उरलेला नाही. प्रयोगशाळांत मात्र संसर्ग, मारामारी व नोंदी ठेवण्याची सोय ही कारणे दाखवून माकडे दीर्घकाळ एकेकटी ठेवली जात. सुसंगत जोड्या निवडून व आधी जाळीपलीकडून ओळख करून देऊन ऱ्हीसस माकडे जोडीने ठेवता येतात, हे १९८० नंतरच्या कार्याने दाखवून दिले.

सोबत चुकीची असली, तर मात्र ती घातक ठरते. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १९२५ मध्ये ‘मंकी हिल’ नावाची कृत्रिम टेकडी बांधून तीवर सु. शंभर हमाड्रायस बॅबून सोडण्यात आले. कळप फक्त नरांचा असावा अशी योजना होती, पण त्यात काही माद्याही आल्या आणि त्यांच्यासाठी प्राणघातक झुंजी सुरू झाल्या. १९२७ मध्ये आणखी ३० माद्या आणल्या गेल्या; परंतु झुंजी न थांबता वाढल्या व बहुसंख्य माद्या त्यांत मारल्या गेल्या. सॉली झुकरमन यांनी १९३२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात यावरून नरवानरांच्या समाजजीवनाविषयी व्यापक निष्कर्ष काढले. १९६० नंतर हान्स कुमर यांनी इथिओपियात याच जातीचा अभ्यास केला, तेव्हा रानात प्रत्येक नराचे काही माद्यांसह वेगळे कुटुंब असते व इतर नर सहसा त्या मालकीचा मान राखतात, असे आढळले. टेकडीवर एकमेकांस अनोळखी प्राणी, विषम लिंगप्रमाण व पळून जाण्यास जागा नाही, अशी स्थिती होती. त्या झुंजी जातीच्या स्वभावापेक्षा तिच्या बंदिवासाविषयी अधिक सांगत होत्या.

याउलट नेदर्लंड्समधील आर्नेम येथे १९७१ मध्ये वसविलेली चिंपँझींची वसाहत यशस्वी झाली. सु. एक हेक्टर क्षेत्राच्या बेटावर अनेक नर, माद्या व पिले एकत्र ठेवण्यात आली. भांडणानंतर दूर जाण्यास व नंतर समेट करण्यास तेथे वाव होता. फ्रान्स द वाल यांचे चिंपँझींच्या सत्तास्पर्धेवरील १९८२ मधील प्रसिद्ध पुस्तक याच वसाहतीच्या निरीक्षणांवर आधारलेले आहे. साल खाल्ली जाऊ नये म्हणून तेथील जिवंत झाडांच्या बुंध्यांभोवती विजेच्या तारा गुंडाळल्या होत्या. चिंपँझींनी तुटलेल्या फांद्या शिडीसारख्या टेकवून त्या तारा ओलांडल्या.

बालपणी सोबत न मिळाल्याने झालेली हानी नंतर भरून निघते काय, हा या विषयातील सर्वांत कठीण प्रश्न आहे. हार्लो यांच्या प्रयोगशाळेत जन्मत:च सहा महिने किंवा वर्षभर पूर्णपणे एकाकी ठेवलेली ऱ्हीसस पिले पुढे डोलत, स्वत:ला कवटाळीत बसत. इतर माकडांत मिसळणे, समागम व मातृत्व यांस ती असमर्थ ठरली. हे प्रयोग क्रूर होते अशी टीका झाली व ती योग्यच होती. १९७२ मध्ये हार्लो व स्टीफन सुओमी यांनी सहा महिने एकाकी राहिलेल्या माकडांना त्यांच्याहून लहान, तीन महिन्यांच्या पिलांच्या सोबतीत ठेवले. ही पिले धमकावीत नसत. ती बिलगत व खेळू पाहत. त्यांच्या सहवासाने विकृत वर्तन पुष्कळच कमी झाले. समवयस्कांच्या सोबतीने जे साधले नव्हते, ते लहानग्यांच्या सोबतीने साधले.

निवासाची रचना : झाडांवर राहणाऱ्या प्राण्याला जमिनीच्या क्षेत्रफळापेक्षा उंची अधिक उपयोगी असते. धोका वाटल्यास माकड वर पळते. माणसाच्या डोळ्यांच्या पातळीखाली ठेवलेल्या पिंजऱ्यात त्याला कधीच सुरक्षित वाटत नाही. आडव्या-तिरप्या फांद्या, दोर, लोंबते ओंडके यांनी उंचीचा वापर शक्य होतो. घट्ट बसविलेल्या खांबांपेक्षा वजनाने वाकणाऱ्या, हलणाऱ्या आधारांना अधिक महत्त्व आहे, कारण रानातील फांदी स्थिर नसते. वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयात १९९५ पासून ओरँगउटान उंच मनोऱ्यांमधील तारांवरून, प्रेक्षकांच्या डोक्यावरून, एका इमारतीतून दुसरीत जातात. जावे की न जावे हे तेच ठरवितात. मोठे कपी रोज संध्याकाळी डहाळ्या मोडून झोपण्यासाठी शय्या करतात. पाला, पेंढा किंवा कापड दिल्यास बंदिवासातही ही सवय दिसते. मात्र रानात जन्मलेल्या चिंपँझींना ती जशी साधते तशी आईवाचून वाढलेल्यांना साधत नाही.

नजरेआड होण्याची सोय ही रचनेतील बहुधा दुर्लक्षिली जाणारी गरज आहे. वरिष्ठ नरापासून, सोबत्यांपासून व प्रेक्षकांपासून काही काळ दूर होता आले पाहिजे. पश्चिम घाटाच्या दक्षिण भागातील सदाहरित अरण्यांत राहणाऱ्या, संकटग्रस्त अशा सिंहपुच्छ माकडाचे (मॅकाका सायलेनस) भारतीय प्राणिसंग्रहालयांत जे अभ्यास झाले व २००५ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यांत प्रेक्षक समोर असताना विकृत वर्तन वाढते, असे आढळले. बेलफास्ट येथे गोरिलांच्या दर्शनी काचेवर केवळ जाळीचा आडपडदा लावल्याने त्यांच्यातील आक्रमकता व साचेबंद वर्तन कमी झाल्याचे २००४ मध्ये नोंदविले गेले. प्रेक्षकांना प्राणी सतत दिसलाच पाहिजे, या आग्रहाची किंमत प्राण्याला मोजावी लागते.

वस्तू, प्रशिक्षण व मर्यादा : चेंडू, आरसे, दूरचित्रवाणी, स्पर्शपटल यांचाही उपयोग करण्यात आला आहे. यांतील बहुतेक निर्जीव वस्तूंचे आकर्षण लवकर ओसरते. म्हणून त्या फिरत्या क्रमाने देतात. फाडता, चावता व मोडता येणारी वस्तू न मोडणाऱ्या वस्तूपेक्षा अधिक काळ रिझविते. साध्या झाडाच्या फांदीचा तुकडा या दृष्टीने महागड्या खेळण्याला हार जात नाही. बक्षीस देऊन केलेल्या प्रशिक्षणाने माकडे रक्त तपासणीसाठी हात पुढे करणे, वजनकाट्यावर बसणे, तोंड उघडणे या गोष्टी स्वेच्छेने करतात. धरून, दाबून वा भूल देऊन केलेल्या तपासणीची भीती त्यामुळे टळते. शिवाय भ्यालेल्या प्राण्याच्या रक्तातील संप्रेरके बदललेली असतात, म्हणून अशा प्राण्यावरील प्रयोगांचे निष्कर्षही संशयास्पद ठरतात. प्रयोगशाळांनी परिसर-समृद्धी स्वीकारण्यामागे करुणेइतकाच हा विचारही आहे.

या उपायांत धोके नाहीत असे नाही. दोराचा फास बसू शकतो, तुटलेले प्लास्टिक गिळले जाते, एकाच जागी ठेवलेल्या खाऊवरून झुंजी होतात आणि दुर्बळ प्राण्याच्या वाट्याला काही येत नाही. म्हणून प्रत्येक उपायापूर्वी व नंतर वर्तनाची वेळानुसार नोंद करणे आवश्यक ठरते. अनेक वर्षे जडलेले साचेबंद वर्तन परिसर सुधारल्यावरही पूर्णपणे जात नाही. येरझाऱ्या घालणारा प्रत्येक प्राणी आजच्या परिस्थितीमुळेच तसे करीत असतो असे नसते. ती जुन्या पिंजऱ्याची खूणही असू शकते. शिवाय रोजची विखरण, फांद्या बदलणे व निरीक्षण हे सर्व सेवकाच्या हातून होते. त्याच्या कामाच्या वेळेत यासाठी तरतूद नसेल, तर उत्तम योजनाही थोड्याच आठवड्यांत बंद पडते.

कायदे व भारतातील परिस्थिती : अमेरिकेत १९८५ मध्ये प्राणिकल्याण कायद्यात झालेल्या दुरुस्तीने नरवानरांच्या मानसिक स्वास्थ्यास पोषक परिसर देणे प्रयोगशाळांवर बंधनकारक केले. त्याचे नियम १९९१ मध्ये अमलात आले. त्यांत सोबत, परिसर आणि पिले, विकृत वर्तन करणारे प्राणी व मोठे कपी यांकडे विशेष लक्ष यांचा समावेश असलेली लेखी योजना मागितली आहे. कायद्याने आरोग्याच्या जोडीने मनाचा उल्लेख केला, हे त्याचे वैशिष्ट्य होय.

भारताचा या इतिहासाशी संबंध जुना आहे. विसाव्या शतकाच्या मध्यास पोलिओ लसीची निर्मिती व इतर संशोधन यांसाठी उत्तर भारतातून ऱ्हीसस माकडे फार मोठ्या संख्येने परदेशी पाठविली जात. भारत सरकारने १९७८ मध्ये ही निर्यात बंद केली. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० मध्ये व वन्य जीव (संरक्षण) अधिनियम १९७२ मध्ये संमत झाला. १९९२ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाची स्थापना झाली आणि आवारांची रचना, सोबत व देखभाल यांबाबत देशभर समान निकष लागू होऊ लागले. १९९८ च्या अधिसूचनेने अस्वल, माकड, वाघ, बिबट्या व सिंह यांना खेळ करून दाखविण्यासाठी शिकविण्यास मनाई केली. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये ती वैध ठरविली. मदाऱ्याकडून सोडविलेले माकड बहुधा पिलू असतानाच कळपापासून तोडलेले, दोरीला बांधून वाढविलेले असते. त्याला लगेच रानात सोडणे म्हणजे उपासमारीच्या वा अनोळखी कळपाच्या तोंडी देणे होय. त्याच्या बाबतीत परिसर-समृद्धीचा आरंभ सुसंगत सोबती शोधण्यापासून होतो.

रानात पुनर्वसन : बंदिवासात जन्मलेला प्राणी रानात टिकेल काय, ही या उपायांची सर्वांत कठोर परीक्षा होय. ब्राझीलमधील अटलांटिक किनाऱ्यालगतच्या अरण्यातील सोनेरी सिंह टॅमॅरीन हे माकड १९७० च्या सुमारास काही शेकड्यांपर्यंत उरले होते. प्राणिसंग्रहालयांत वाढविलेले टॅमॅरीन १९८४ पासून रिओ दे जानेरो राज्यात सोडण्यास सुरुवात झाली. पक्क्या खांबांवर चालण्याची व ताटलीतून खाण्याची सवय असलेली ही माकडे वाकणाऱ्या बारीक फांद्यांवरून जाण्यास कचरत, पडत, वाट चुकत आणि सालीत वा पानांच्या बेचक्यांत दडलेले अन्न त्यांना शोधता येत नसे. पहिल्या तुकड्यांतील बहुतेक प्राणी दगावले. म्हणून सोडण्यापूर्वी पिंजऱ्यात अन्न लपवून ठेवणे व फांद्यांची मांडणी वारंवार बदलणे असे शिक्षण देण्यात आले. परंतु त्यामुळे जगण्याचे प्रमाण लक्षणीयपणे वाढले नाही. त्याऐवजी सोडल्यानंतर दीर्घकाळ पूरक अन्न, झोपण्यासाठी पेट्या व देखरेख देणे अधिक उपयुक्त ठरले. संग्रहालयाच्या आवारातील झाडांवर काही काळ मोकळे ठेवण्याची पद्धतही अवलंबिली गेली. सोडलेल्या जोड्यांना रानात झालेली पिले मात्र वाकत्या फांद्यांवरच चालावयास शिकली आणि त्यांचे जगण्याचे प्रमाण आईबापांपेक्षा पुष्कळच जास्त राहिले. पुढे रानातील टॅमॅरीनांपैकी सु. एक-तृतीयांश या बंदिवासात जन्मलेल्या पूर्वजांचे वंशज होते.